दाब वाढविण्यापूर्वी दाब मोजावा

मोटार जुनी झाली की तिच्या मालकास दोन प्रकारचे सल्लागार भेटतात. एक म्हणतो, "विकून टाका." दुसरा म्हणतो, "पेट्रोलचा दाब थोडा वाढवा, मग पाहा गाडी कशी धावते ती!" पहिला सल्ला मनास लागतो, म्हणूनच दुसरा गोड वाटतो. हौसेने बाळगलेल्या वेगवान मोटारींच्या बाबतीत तर हे विशेष खरे आहे. गोव्यात गेल्या शतकाच्या अखेरीस सॅन स्टॉर्म नावाची दोन आसनांची मोटार तयार होऊ लागली. तिला रेनो कंपनीचे लहानसे एंजिन होते. अशा मोटारी आता जुन्या झाल्या आहेत, परंतु त्यांचे चाहते जुने झालेले नाहीत. आमच्या विद्यार्थ्यांतही यंत्रांची आवड असणारे पुष्कळ आहेत, व सुटीत गॅरेजमध्ये हाताखाली काम करणारेही काही आहेत. म्हणून या दुसऱ्या सल्ल्याविषयी आमचे मत आम्ही येथे मांडीत आहो.

प्रथम विषय नीट समजून घेऊ. टाकीतील पेट्रोल पंपाच्या योगाने एंजिनाकडे ढकलले जाते. त्याचा दाब एका मर्यादेत राहावा म्हणून वाटेत एक लहान साधन बसवितात. त्यास कारागीर रेग्युलेटर म्हणतात. पुष्कळ मोटारींतील रेग्युलेटरमध्ये एक लवचीक पडदा व एक स्प्रिंग असते. दाब मर्यादेबाहेर गेला की पडदा उचलला जातो व जास्तीचे पेट्रोल परतीच्या नळीने टाकीत जाते. भंडारदऱ्याच्या धरणास जसा सांडवा, तसाच हा प्रकार होय. स्प्रिंगवरील स्क्रू आवळला की सांडवा उंच केल्यासारखे होते आणि दाब वाढतो.

कार्ब्युरेटर असलेल्या जुन्या मोटारीस दर चौरस इंचास ३ ते ५ पौंड इतकाच दाब पुरतो. इंजेक्शनच्या मोटारीस मात्र ४३ पौंडांच्या आसपास लागतो. हा भेद न ओळखता जुन्या मोटारीस जोरदार विजेचा पंप बसविला व रेग्युलेटर वगळला, तर कार्ब्युरेटरमधील सुई पेट्रोल अडवू शकत नाही, आणि ते तापलेल्या एंजिनावर सांडते. त्याचा परिणाम काय होईल हे सांगावयास नकोच.

बरे, दाब वाढविल्याने तितकेच पेट्रोल वाढते असेही नाही. वर्गमूळ शिकलेल्या विद्यार्थ्यांस हे सहज समजेल: दाब चौपट केला तर पेट्रोल दुप्पट येते. ४३ पौंडांचा दाब ५८ केला, तरी पेट्रोल सुमारे १६ टक्केच अधिक मिळते. शिवाय पेट्रोल वाढले म्हणजे शक्ती वाढली असे नव्हे. एक भाग पेट्रोल पुरते जळावयास सुमारे १४.७ भाग हवा लागते. हवा तेवढीच ठेवून पेट्रोल वाढविले, तर ते काळ्या धुरावाटे जाते, प्लग काजळतात आणि सिलिंडरच्या भिंतीवरील तेल धुऊन निघते.

मग दाब बदलण्यास योग्य कारण कधीच नसते काय? असते, आणि त्यातील एक आपल्याच जिल्ह्याच्या शेतांतून येते. १९५० साली प्रवरानगरास सहकारी साखर कारखाना सुरू झाला, आणि पुढे जिल्ह्यात उसाचे व कारखान्यांचे राज्य पसरले. त्याच उसापासून आज इथेनॉल तयार होते. पेट्रोलमध्ये शेकडा २० इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट देशाने २०२५ मध्ये गाठले. इथेनॉलला जळावयास हवा कमी लागते, म्हणून तेवढ्याच हवेबरोबर असे मिश्रण सुमारे ८ टक्के अधिक द्यावे लागते. नव्या मोटारी ही बेरीज स्वतःच करतात. जुन्यांस ते साधत नाही. तेव्हा ४३ पौंडांचा दाब ५० पर्यंत नेणे हे काही मोटारींत सयुक्तिक ठरू शकते. परंतु हेच इथेनॉल टाकीतील जुना मळ सोडविते आणि त्यासाठी न बनविलेल्या रबरी नळ्या व पडदे खराब करते, ही गोष्ट विसरता कामा नये.

आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांची जुनी दोनआसनी मोटार विळद घाट चढताना अडखळू लागली. गॅरेजमध्ये मोजमाप न करता रेग्युलेटरचा स्क्रू आवळण्यात आला. दोन दिवस गाडी बरी चालली. तिसऱ्या दिवशी पेट्रोलचा वास आला, म्हणून त्यांच्या मुलाने बॉनेट उघडले, तो जुनी नळी पाझरत असून थेंब तापलेल्या धुरनळीपासून वीतभर अंतरावर पडत होते! पुढे दुसऱ्या कारागिराने पाहिले, तेव्हा मूळ दोष फिल्टरमध्ये निघाला. टाकीतील मळाने तो तुंबला होता. रेग्युलेटरचा काहीच अपराध नव्हता.

कोणी म्हणेल, "मुरलेल्या कारागिरास एंजिनाचा आवाज ऐकूनच दोष कळतो." अशा कानाविषयी आम्हांस आदर आहे. परंतु ताप आहे हे हातास कळले, तरी तो किती हे पाऱ्यालाच विचारावे लागते. आपल्याच शहरात वाहन संशोधन व विकास संस्था आहे. ज्या संस्थांनी वाहन तपासून दाखला द्यावयाचा, त्यांत सरकारी नियमांनी तिचे नाव घातले आहे. तो दाखला अंदाजावर नव्हे, मोजमापावर मिळतो. तोच नियम लहान गॅरेजातही का नसावा?

म्हणून आमचे सांगणे इतकेच आहे. आधी फिल्टर व नळ्या पाहाव्या. मग दाबमापक लावून आकडा लिहून ठेवावा. मोटारीच्या पुस्तकातील आकड्याशी तो ताडावा. आणि कारण सापडल्यावरच जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली स्क्रूला हात लावावा. पालकांसही आमची विनंती आहे की, मुलाच्या हौसेस आळा घालू नये. पान्याबरोबर त्यास एक दाबमापकही घेऊन द्यावा. त्या दिवशी त्या मुलाने बॉनेट उघडले नसते तर काय झाले असते, या विचाराने त्याचे वडील अजूनही अस्वस्थ होतात.