‘आमच्या मुलीवर प्रयोग तर नाही ना?’

घाटकोपरच्या एका आपांचे पत्र गेल्या महिन्यात आमच्याकडे आले. पत्र चार पानांचे आहे, पण मुद्दा एकच. धाकट्या मुलीला टीबी झाला, दोन महिने गोळ्या घेऊनही खोकला थांबेना, मग थुंकीची तपासणी झाली आणि नेहमीच्या औषधांना दाद न देणारा, म्हणजे एमडीआर टीबी निघाला. डॉक्टरांनी सहा महिन्यांचा नवा कोर्स सुचवला. त्याच दिवशी बाहेर बाकावर बसलेल्या कुणीतरी सांगितले, ‘ही नवी औषधे आहेत, गरिबांवर प्रयोग करतात.’ झाले. मुलीच्या फुफींनी घर डोक्यावर घेतले. निकाह ठरलेला, रमजान जवळ आलेला, आणि गोळ्यांची पिशवी न उघडता कपाटात पडलेली. आपा विचारतात, ‘आमच्या मुलीवर प्रयोग तर नाही ना?’

आपा, आधी सरळ उत्तर देतो. तुमच्या मुलीच्या कार्डावर जी चार नावे तुम्ही लिहून पाठवली आहेत – बेडाक्विलीन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड, मॉक्सिफ्लॉक्सासिन – तो प्रयोग नाही. जागतिक आरोग्य संघटनेने हा उपचार आधीच मान्य केला होता, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने तो भारताच्या टीबी कार्यक्रमात घेतला. पण बाकावरचा तो माणूस अगदीच खोटे बोलला असेही नाही. ही औषधे एके काळी प्रयोगातलीच होती. प्रत्येकच औषध असते. घरात डोकेदुखीला जी गोळी घेतो तीसुद्धा.

आमच्या मुंबईचा या गोष्टीशी जवळचा संबंध आहे. २०१२च्या सुरुवातीला माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी चार रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली, ज्यांच्या टीबीवर तपासलेले एकही औषध चालत नव्हते. देशभर खळबळ उडाली. ‘पूर्णपणे प्रतिरोधक’ हा शब्द सरकारला मान्य झाला नाही, पण रुग्ण तर खरेच होते. त्या काळात असा टीबी झाला की दीड-दोन वर्षे औषधे आणि महिनोन्‌महिने रोज सुई. कॅनामायसिनच्या त्या सुईने कित्येकांचे कान गेले. मुंबईच्या पत्रकार नंदिता वेंकटेशन यांची ऐकण्याची शक्ती अशीच गेली. पुढे त्यांनी दक्षिण आफ्रिकेतील फुमेझा तिसिले यांच्यासोबत बेडाक्विलीनच्या वाढीव पेटंटला हरकत घेतली, आणि मार्च २०२३ मध्ये भारताच्या पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला. त्यामुळे भारतीय कंपन्यांना ही गोळी स्वस्तात बनवण्याचा रस्ता मोकळा झाला.

बेडाक्विलीन बेल्जियममधील शास्त्रज्ञांनी शोधले आणि २००५ मध्ये त्याची माहिती जगापुढे आली. टीबीचा जंतू जगतो तो आपल्या आत शक्ती तयार करून. त्यासाठी त्याच्याजवळ एक फिरते चाक असते, पिठाच्या गिरणीचे असावे तसे. बेडाक्विलीन त्या चाकात अडकून बसते. चाक थांबले की जंतूची शक्ती संपत जाते. माणसाच्या पेशींतही असेच चाक आहे, पण त्याची घडण वेगळी, म्हणून औषध त्याला फारसे धरत नाही. जंतू मात्र लगेच मरत नाही. साठवलेल्या शक्तीवर तो काही दिवस तग धरतो. म्हणून पहिल्या आठवड्यात ‘फरक पडत नाही’ म्हणून गोळी सोडणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. प्रेटोमॅनिडची तऱ्हा आणखी निराळी: ते जंतूच्या पोटात गेल्यावरच जागे होते आणि आतून विष सोडते. लिनेझोलिड जंतूला प्रथिने बनवू देत नाही. एकाच औषधावर भिस्त ठेवली तर थोडे जंतू निसटतात आणि त्यांचीच पिल्ले वाढतात. म्हणून तीन-चार औषधे एकदम.

आता भीतीची बाजू. बेडाक्विलीनच्या सुरुवातीच्या एका चाचणीत १६० रुग्ण होते. औषध मिळालेल्या ७९ जणांपैकी १० दगावले, आणि ज्यांना बेडाक्विलीनऐवजी बिनऔषधी गोळी व बाकीची टीबीची औषधे मिळाली त्या ८१ जणांपैकी २. हा आकडा लपवला गेला नाही. डिसेंबर २०१२ मध्ये अमेरिकेने परवानगी दिली तीही पाकिटावर कडक इशारा छापून. भारताने २०१६ मध्ये फक्त मोजक्या सहा केंद्रांतून, अतिशय जपून, हे औषध द्यायला सुरुवात केली. त्यांत मुंबई होती. पुढे दक्षिण आफ्रिकेत हजारो रुग्णांना दिल्यावर दिसले की या औषधाने मृत्यू कमी होतात. भारतातही बेडाक्विलीन, डेलामॅनिड, लिनेझोलिड आणि क्लोफाझिमिन यांची चाचणी झाली. तिच्या निकालात मोजलेल्या १५३ रुग्णांपैकी १३९ बरे झाले. पण लिनेझोलिडमुळे अनेकांचे रक्त कमी झाले, हातापायांना मुंग्या आल्या, डोस कमी करावा लागला. हे सांगितलेच पाहिजे. म्हणून तुमच्या मुलीचा ईसीजी वारंवार काढतील, कारण बेडाक्विलीनने हृदयाच्या ठोक्यांची लय बदलू शकते, रक्त तपासतील, नजर धूसर होते का, पाय बधिर होतात का, हे विचारतील. ती ‘कंटाळवाणी’ तपासणी टाळू नका. मुंग्या आल्या तर ‘अशक्तपणा असेल’ म्हणून घरात दाबून ठेवू नका, त्याच दिवशी सांगा.

जेवणाचे आणि रोज्याचे. ही गोळी रिकाम्या पोटी घेतली तर शरीरात जेमतेम अर्धी उतरते. भरल्या पोटी घ्यायची. पहिले दोन आठवडे रोज, नंतर आठवड्यातून तीन वेळा. बाकीच्या गोळ्या मात्र रोजच. पुष्कळजण म्हणतील, मग इफ्तारनंतर घेऊ. वेळ बसतो हे खरे, पण प्रश्न फक्त वेळेचा नाही. वजन घटलेली, उलट्या होणारी मुलगी दिवसभर पाण्याशिवाय राहिली तर काय होईल हे डॉक्टरच सांगतील. आजारी माणसाला रोजा सोडण्याची आणि नंतर कजा करण्याची सवलत कुरआननेच दिली आहे. ती घेण्यात कमीपणा कसला? आधी डॉक्टरांना विचारा, त्यांचे उत्तर घेऊन मग मौलानांकडे जा. आपल्याकडे बरेचदा उलटे होते.

निकाहबद्दल आम्ही एवढेच म्हणू की सहा महिने पुढे ढकला, आणि मुलाकडच्यांना खरे सांगा. या औषधांच्या काळात गर्भ राहणे टाळायचे असते, आणि बेडाक्विलीन तर कोर्स संपल्यावरही कित्येक महिने अंगात रेंगाळते, तेव्हा लग्नानंतरचा बेतही डॉक्टरांना विचारूनच करा. लपवून केलेल्या लग्नात सून सासरी चोरून गोळ्या घेते आणि एक दिवस बंद करते. हे आम्ही पाहिले आहे.

आता, उद्या खरोखरच कुणी चाचणीत सामील व्हा म्हटले तर? टीबीच्या आणखी नव्या औषधांच्या चाचण्या जगभर चालू आहेत, तेव्हा हा प्रश्न कुठल्याही घरी येऊ शकतो. २०१९ पासूनच्या नियमांनुसार माहितीपत्रक आणि संमतीपत्र तुम्हाला समजेल त्या भाषेत मिळाले पाहिजे. वाचता येत नसेल तर त्रयस्थ साक्षीदार हवा. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार मोफत आणि भरपाई. मधेच बाहेर पडता येते, आणि त्यामुळे नेहमीचा उपचार बंद होत नाही. विचारायचे ते हे: मला नवे औषध मिळाले नाही तर काय मिळेल? रात्री त्रास झाला तर कुणाला फोन करायचा? चाचणीची सरकारी नोंद कुठे आहे? पत्रक घरी न्या, कुणा शिकलेल्या पोरीकडून मोठ्याने वाचून घ्या. ‘आत्ताच अंगठा द्या’ म्हणणाऱ्याला नाही म्हणा. आणि चाचणी कितीही चांगली असली तरी ज्याला नको आहे त्याला ‘नाही’ म्हणण्याचे कारण द्यावे लागत नाही.

हे लिहून होईपर्यंत आपांचा फोन आला. पहिला ईसीजी झाला आहे, घरातल्या बाकीच्यांचीही तपासणी चालू आहे. पोषणासाठी सरकारकडून महिन्याला मिळणारे १००० रुपये मुलीच्या खात्यात येतात का, ते आम्ही विचारायला सांगितले आहे. गोळी दुपारच्या जेवणानंतर घेते, फुफी समोर बसून असतात.