गवताला सरकायला जागा हवी

दिवाळी सरली की पुणे, सातारा, सोलापूरकडचे धनगर मेंढरे घेऊन कोकणाची वाट धरतात आणि पावसाच्या तोंडावर माघारी येतात. कोणत्या माळावर कोणते गवत, ते किती दिवस पुरेल, यावर हा प्रवास बेतलेला असतो. बदलत्या हवामानात हाच हिशेब चुकण्याची भीती आहे.

भारतीय कृषी संशोधन परिषदेने १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत देशातील गवताळ प्रदेशांची पाच प्रकारांत विभागणी आहे. दख्खनचे माळ पवन्या आणि मारवेल गवतांचे. राजस्थान, गुजरातचा कोरडा पट्टा अंजन आणि सेवण गवतांचा. पाऊस, तापमान आणि माती यांनी या सीमा आखल्या. पाऊस आणि तापमान बदलले, तर सीमाही सरकणार.

नुसत्या उष्म्याने ही गवते हटणार नाहीत. त्यांची अन्न तयार करण्याची 'सी-४' पद्धत ऊन आणि कमी पाण्यासाठीच घडलेली आहे. पण हवेतील कार्बन डायऑक्साइड औद्योगिक क्रांतीपूर्वी दहा लाख भागांत सुमारे २८० भाग होता, तो आता ४२० च्या वर गेला आहे. या वाढीचा फायदा गवतापेक्षा झाडाझुडपांना अधिक मिळतो. वेडी बाभूळ त्यांपैकीच एक. त्यात पावसाचे खंड लांबले आणि चराई थांबली नाही, की पौष्टिक गवते मागे पडून कुसळी माजते. तिची कुसळे लोकरीत अडकतात, मेंढरांच्या तोंडाला जखमा करतात.

गवताचे बी नव्या जागी रुजायला वाट मोकळी हवी. आज माळांच्या मध्ये ऊस, रस्ते आणि प्लॉट आहेत. उरलेला माळ सरकारी नकाशांत बहुधा 'पडीक जमीन' ठरतो, आणि हिरवाईच्या नावाखाली त्यावर झाडे लावली जातात. माळढोकासारख्या पक्ष्याचे घरही त्यात जाते.

त्यामुळे माळरानाची नोंद 'पडीक' म्हणून नव्हे, 'गवताळ प्रदेश' म्हणून व्हायला हवी. तिथली वृक्षलागवड थांबवावी, गवत बी धरेपर्यंत आळीपाळीने चराई बंद ठेवावी, स्थानिक गवतांचे बियाणे जपावे. हे ठरवताना धनगरांनाही विचारावे. कोणते गवत कुठून हटले, हे त्यांना दरवर्षी चालता चालताच कळत असते.