जुन्या मोटारीची पाण्याची बुचे

ज्या घरी वडिलांच्या वेळची मोटार अद्याप चालत्या स्थितीत आहे, त्या घरी दसऱ्यास तिला झेंडूची माळ न चुकता मिळते. परंतु तिच्या एंजिनातील पाण्याची विचारपूस वर्षभर कोणी करीत नाही. त्या पाण्यास आत अडवून धरणाऱ्या एका क्षुद्र दिसणाऱ्या भागाचा आज विचार करू.

एंजिनाच्या ओतीव लोखंडी ब्लॉकच्या बाजूस नाण्यासारख्या काही वाटोळ्या चकत्या बसविलेल्या असतात. त्यांस ‘फ्रीझ प्लग’, म्हणजे गोठणाचे बूच, असे म्हणण्याची रूढी पडली आहे. थंडीने पाणी गोठले की हे बूच उडून ब्लॉक वाचतो, असा त्या नावावरून समज होतो. पाण्याचे बर्फ होताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते, हे खरे. कधी बूच उडते, हेही खरे. परंतु बूच जागच्या जागी राहून ब्लॉकच तडकल्याची उदाहरणे पुष्कळ. अलंकारशास्त्रात ‘कुशल’ शब्दाचा दाखला देतात. मूळ अर्थ ‘दर्भ आणणारा’, रूढ अर्थ ‘निपुण’. म्हणून कुशल सुताराकडे कोणी दर्भ मागत नाही. या बुचाकडेही नावावर विसंबून रक्षणाची अपेक्षा करू नये.

मग ते कशासाठी? ब्लॉक ओतताना त्यात पाण्याच्या वाटा पोकळ राहाव्यात म्हणून साच्यात वाळूचा गाभा ठेवतात. गाभ्यास आधार देण्यासाठी व मागाहून वाळू काढण्यासाठी भिंतीत भोके ठेवावी लागतात. ती बुजविण्याचे साधन ते हे बूच. म्हणूनच ‘कोअर प्लग’, म्हणजे गाभ्याचे बूच, हे नाव अन्वर्थक होय.

नावाची ही चर्चा केवळ पांडित्यासाठी नव्हे. आमच्याकडे पाणी गोठत नाही, तेव्हा कूलंटची आवश्यकता काय, असे म्हणून कित्येक गृहस्थ नळाचे पाणी भरतात. कूलंटमध्ये गोठणरोधक ग्लायकॉलइतकीच महत्त्वाची गंजरोधक द्रव्ये असतात. ती नसली म्हणजे लोखंड गंजते. आणि बुचाचा पत्रा ब्लॉकच्या भिंतीहून फार पातळ असल्याने तो आतून आधी खाल्ला जातो. बुचाखाली तांबूस ओघळ दिसणे, पाण्याची पातळी विनाकारण उतरणे, ही त्याची पूर्वचिन्हे. ती उपेक्षिली तर घाटात पाणी संपते, एंजिन तापते व हेड वाकते. कुर्ल्याची पद्मिनी आता निघत नाही. उत्तरपाड्याची अँबेसिडर २०१४ साली बंद झाली. अशा गाडीचा ब्लॉक गेला तर दुसरा सहजी कोठून आणावयाचा?

बुचे मुख्यत्वे दोन प्रकारची. एक बशीसारखी फुगीर चकती; दुसरे वाटीसारखे, उभ्या काठाचे. भोकाच्या आत पायरी असेल तर चकती बसते, भिंत सरळ असेल तर वाटी. यास्तव जुने बूच पाहून तसेच घ्यावे, आणि भोक व्हर्निअरने मोजावे. वाटी भोकाहून इंचाचे काही सहस्रांश मोठी असावी लागते, तरच ती घट्ट राहते. पोलादी बूच स्वस्त, पण गंजते. पितळी बूच गंजत नाही, म्हणून ठेवणीच्या गाडीस तेच श्रेयस्कर. मध्ये बोल्ट असलेले रबरी बूच प्रवासातील अडचणीपुरतेच समजावे.

बदलताना एंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे व पाणी काढावे. जुन्या बुचाच्या एका कडेवर छिन्नीने बेताने ठोकले की ते आडवे फिरते. मग पकडीने ओढावे. ते आत पडू देऊ नये, व फार खोल ठोकू नये. आत सिलिंडरची भिंत जवळच असते. साचलेला गाळ धुऊन काढावा. भोकाची कड बारीक पॉलिश पेपरने स्वच्छ करून सीलंटचा पातळ हात द्यावा. वाटीची पोकळ बाजू बाहेर ठेवावी व तिच्या आत नेमका मावेल असा ठोकळा धरून ती सरळ ठोकावी. घाव काठावर पडू नये. काठ भोकाच्या उताराच्या किंचित आत गेला की थांबावे. चकतीचा फुगवटा बाहेर असावा. मध्यावर ठोकल्याने ती चपटी होऊन कडेस पसरते व घट्ट बसते. आत खळगा पडेपर्यंत ठोकल्यास मात्र ती सैल होते. एक बूच गळले तर बाकीचीही त्याच वयाची आहेत हे ध्यानात ठेवावे. काही फ्लायव्हीलच्या मागे दडलेली असतात; एंजिन खाली उतरेल तेव्हा तीही बदलून घ्यावीत.

शेवटी एक सूचना घरातील माताभगिनींसाठी. इथिलीन ग्लायकॉलचे कूलंट चवीस गोड, पण विषारी असते. काढलेले पाणी उघड्या घमेल्यात ठेवू नये. मुले व मांजरे दोन्ही त्याकडे वळतात. नवे कूलंट डब्यावरील प्रमाणाने भरावे, एंजिन चालू करून बुचांवर कोरडे बोट फिरवावे, आणि ते कोरडेच राहिले तर काम साधले असे समजावे.