पोहण्याने रेस जिंकत नाही, पण हातातून जाते नक्की!

दुकानदारांच्या बॅचमध्ये मी एक प्रश्न हमखास विचारतो. धंद्यातलं कुठलं काम तुम्ही सारखं उद्यावर ढकलता? बहुतेकांचं उत्तर एकच, हिशोब. हाच प्रश्न ट्रायथलॉन करणाऱ्यांना विचारा. बरेच जण म्हणतील, पोहणं.

त्यामागचं गणितही तयार असतं. ऑलिंपिक अंतराच्या ट्रायथलॉनमध्ये 1.5 किमी पोहणं, 40 किमी सायकल आणि 10 किमी धावणं. अव्वल पुरुष खेळाडू साधारण 18 मिनिटांत पाण्याबाहेर येतात आणि पूर्ण रेस पावणेदोन तासांच्या आसपास संपवतात. म्हणजे पोहणं फक्त सहावा हिस्सा. मग काय, सायकलवर भरून काढू!

माझं मत स्पष्ट आहे. रेस नुसती पूर्ण करायची असेल तर हे गणित चालेल. मिलिंद सोमण यांनी पन्नाशीच्या उंबरठ्यावर, 2015 मध्ये झुरिकला आयर्नमॅन पूर्ण केली. तिथं लढाई स्वतःशी आणि घड्याळाशी असते. पण प्रो व्हायचं असेल तर हेच गणित तुम्हाला बुडवेल.

का ते बघा. ऑलिंपिक प्रकारात पुढच्या सायकलच्या आडोशाने चालवायला परवानगी असते. पाण्यातून पुढच्या घोळक्यात बाहेर आलात तर वारा वाटून घेता. अर्धा मिनिट मागे राहिलात तर एकट्याने वारा कापायचा. त्यात सायकलवर पुढच्यांनी तुम्हाला एक लॅप टाकला की रेसमधून बाहेर. धावण्याची ताकद दाखवायची संधीच मिळत नाही.

आयर्नमॅनमध्ये सायकलवर असा आडोसा घेता येत नाही, तरी उधारी फेडावीच लागते. कॅनडाचा लायनल सँडर्स 2017 मध्ये हवाईच्या जागतिक स्पर्धेत पाण्यातून काही मिनिटं मागे निघाला, नंतर सगळ्यांच्या पुढे गेला आणि शेवटच्या काही किलोमीटरमध्ये पॅट्रिक लांगेने त्याला गाठलं. सँडर्स दुसरा.

"पण सेबास्टियन किनले पोहण्यात कच्चा असून 2014 ला जिंकलाच की!" बरोबर. पण त्याच्यासारखी सायकल चालवणारे किती? आणि नुसतं पोहूनही भागत नाही. पोहण्यातून आलेली लुसी चार्ल्स-बार्कले हवाईला चार वेळा दुसरी आली, मग 2023 मध्ये जिंकली.

आता उपाय. पाणी हवेपेक्षा सुमारे 800 पट घन असतं आणि वेग वाढला की विरोध त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे आधी विरोध कमी करा, ताकद नंतर. श्वास घेताना डोकं वर उचललं की पाय खाली जातात, आणि तुम्ही स्वतःच ब्रेक लावून पोहता.

1. आठवड्यातून दोनदा दोन-दोन तास पोहण्यापेक्षा पाच-सहा वेळा पाऊण तास पोहा. पाण्याची जाण सवयीने येते.

2. कोचकडून पाण्याखालचा व्हिडिओ काढून घ्या. आपण करतो असं वाटतं ते आणि खरं करतो ते, यात फरक असतो.

3. दर सहा आठवड्यांनी 400 आणि 200 मीटरची वेळ घ्या. समजा 6:00 आणि 2:50. फरक 3:10, त्याचा निम्मा 1:35. ही 100 मीटरची तुमची टिकणारी गती. वहीत लिहा. आकडा खोटं बोलत नाही.

4. वेटसूटवर विसंबू नका. ऑलिंपिक अंतराच्या रेसमध्ये पाणी 20 अंशांहून गरम असेल तर एलिट खेळाडूंना तो घालता येत नाही.

5. समुद्रात सराव करा. पुढच्याच्या पायामागे राहणं आणि दिशा बघत पोहणं टँकमध्ये जमत नाही. पण एकट्याने कधीच उतरू नका.

शेवटचं, आणि हे काहींना टोचेल. नोकरी सोडून प्रो व्हायचा विचार करताय? लाखांची कार्बन सायकल घेण्याआधी वर्षभराची पोहण्याच्या कोचची फी भरा. वर्षभरात वहीतला आकडा खाली आला नाही, तर नोकरी ठेवा आणि हौशी गटात मजेत रेस करा. त्यात कमीपणा काहीच नाही. पण घरच्यांची बचत पणाला लावताय, तर निर्णय आकडा बघूनच घ्या.

उद्या सकाळी पहिली वेळ नोंदवा. भेटूया पुढच्या भागात!