'नवजीवन' उलटे वाचताना

प्रोग्रामिंग शिकू लागलेल्या विद्यार्थ्याला पहिल्या काही आठवड्यांत जे स्वाध्याय दिले जातात, त्यांत एक हमखास असतो. दिलेला शब्द डावीकडून वाचला काय किंवा उजवीकडून वाचला काय, तोच राहतो की नाही, हे यंत्राकडून तपासून घ्यायचे. अशा शब्दाला आपण विलोमपद म्हणतो. हा स्वाध्याय एकाच विद्यार्थ्याने दोन संगणकभाषांत सोडवावा आणि तोही मराठी शब्द घेऊन सोडवावा, असा आमचा आग्रह आहे. तो आम्ही साहित्याच्या विद्यार्थ्यांपुढे आणि शिक्षकांपुढे मांडत आहोत, याचे काहींना नवल वाटेल. संगणकाच्या भाषेला भाषा म्हणणे हे निव्वळ रूपक आहे, तिच्यात कोणी भांडत नाही की अंगाई म्हणत नाही, हा आक्षेप आम्हांस ठाऊक आहे. तो वाद तूर्त बाजूला ठेवू.

दोन भाषा घेऊ. एक सी, डेनिस रिची यांनी १९७०च्या दशकाच्या आरंभी बेल प्रयोगशाळेत घडवलेली. दुसरी पायथन, गिडो व्हॅन रोसम यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेली. सीमध्ये नवशिक्या बहुधा असे करतो: एक बोट शब्दाच्या पहिल्या अक्षरावर ठेवायचे, दुसरे शेवटच्या अक्षरावर. दोन्ही अक्षरे सारखी असतील तर दोन्ही बोटे एकेक घर आत सरकवायची. वाटेत कोठे फरक आढळला तर उत्तर 'नाही'; बोटे एकमेकांना भेटेपर्यंत फरक आढळला नाही तर 'होय'. पायथनमध्ये हेच काम एका ओळीत उरकते. शब्द आणि त्याचे उलटे रूप समान आहेत काय, एवढेच विचारायचे. पहिले उत्तर एखाद्या पाककृतीसारखे आहे, क्रमाने काय काय करायचे ते सांगणारे. दुसरे कोशातल्या नोंदीसारखे, विलोमपद म्हणजे काय एवढेच सांगून थांबणारे. सीमधून आलेला विद्यार्थी आपली दोन बोटे घेऊन पायथनमध्ये शिरतो, तेव्हा त्याची आज्ञावली चालते, उत्तरही बरोबर येते. पण पायथनच्या जाणत्या वाचकाला ती वाचताना परकेपण खटकते. शब्दशः भाषांतर वाचताना आपल्याला जे होते, तेच हे. भाषांतराचा अभ्यासक्रम शिकवणाऱ्यांना याहून सोपे उदाहरण सापडणे कठीण आहे.

मात्र येथेच थांबलो तर विद्यार्थी एक चुकीची समजूत घेऊन घरी जातो. पाठ्यपुस्तकांत तपासायला दिलेले शब्द बहुधा इंग्रजी असतात, 'मॅडम', 'लेव्हल' असे, रोमन लिपीतले. त्यांच्याबाबत सी आणि पायथन यांचे उत्तर एकच येते. मग विद्यार्थ्याला वाटते की अर्थ एकच असतो आणि भाषा हा नुसता पेहराव. भाषांतराच्या वर्गात वर्षानुवर्षे आपण ज्या समजुतीशी झगडतो, ती हीच नव्हे काय?

आता त्याच आज्ञावलींना 'नयन' हा शब्द द्यावा. सीमधली आज्ञावली सांगते, विलोमपद नाही. पायथनमधली सांगते, आहे. मग 'नवजीवन' द्यावा. न, व, जी, व, न: मराठी वाचकाच्या दृष्टीने निर्विवाद विलोमपद. दोन्ही आज्ञावली म्हणतात, नाही.

कारण समजून घेण्यासारखे आहे. सी ज्याला अक्षर म्हणते तो वस्तुतः एक बाइट असतो, आणि आज सर्वत्र रूढ असलेल्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांत साठवले जाते. त्यामुळे 'नयन'चे नऊ तुकडे होतात आणि ते उलट क्रमाने जुळत नाहीत. पायथनने २००८च्या डिसेंबरात आलेल्या तिसऱ्या आवृत्तीपासून शब्दाकडे युनिकोडने नेमून दिलेल्या क्रमांकांची माळ म्हणून पाहण्यास सुरुवात केली. त्या माळेत 'नयन'चे तीन मणी होतात, म्हणून तो उत्तीर्ण होतो. पण 'जी'चे दोन मणी होतात, ज वेगळा आणि दीर्घ वेलांटी वेगळी. माळ उलटी केली की ती वेलांटी ज सोडून शेजारच्या व ला जाऊन चिकटते आणि 'नवीजवन' असा विचित्र शब्द हाती येतो. 'विठ्ठल' शब्दाची लांबी विचारली तर सी अठरा सांगते, पायथन सहा (पाय मोडण्याची खूणही त्यात मोजलेली असते), आणि आपण तीन.

यात भाषांना दोष देण्याचा हेतू नाही. जाणकार माणूस दोन्ही भाषांत योग्य उत्तर देणारी आज्ञावली लिहू शकतो, त्यासाठी तयार साधनेही आहेत. आमचे म्हणणे नवशिक्याच्या हाती सहज पडणाऱ्या उत्तराविषयी आहे. एकाच भाषेत स्वाध्याय सोडवणारा विद्यार्थी त्या भाषेचे अक्षराविषयीचे मत हे वस्तुस्थिती समजून चालतो. दोन भाषांची उत्तरे शेजारी ठेवली आणि ती एकमेकांशी भांडू लागली, की 'अक्षर म्हणजे काय' हा प्रश्न त्याला प्रथमच पडतो.

आपल्या परंपरेत हा प्रश्न पडण्याची गरज भासली नव्हती. माघाच्या 'शिशुपालवधा'च्या एकोणिसाव्या सर्गात चित्रकाव्याचे जे चमत्कार आहेत त्यांत उलटसुलट वाचता येणारी रचनाही आहे. सोळाव्या शतकातील दैवज्ञ सूर्यकवीने तर सुलट वाचता रामकथा आणि उलट वाचता कृष्णकथा असे 'रामकृष्णविलोमकाव्य' रचले. या कवींनी उलटवले ते स्वरासहित अखंड अक्षर. मात्रा आणि वेलांट्या सुट्या करून उलटवण्याची कल्पना त्यांना हास्यास्पद वाटली असती. आणि आपल्याकडे? शब्दाचे तुकडे पाडण्याच्या युनिकोडच्या नियमांत देवनागरी जोडाक्षर अखंड धरण्याची तरतूद २०२३ साली झाली. तोवर 'विठ्ठल'मधला ठ्ठ त्या नियमांनुसार मधोमध फुटत होता.

हे मराठीच्या अभ्यासकाने मनावर का घ्यावे? मोठ्या अभंगाच्या पहिल्या तीन चरणांत सहासहा अक्षरे आणि चौथ्यात चार, हे आपण वर्गात शिकवतो. उद्या एखादा उत्साही विद्यार्थी शेकडो अभंगांची अक्षरसंख्या यंत्राकडून काढून प्रबंधात कोष्टके मांडील. पायथनच्या हिशेबाने एकटा विठ्ठलच अख्खा चरण भरून टाकतो! ती कोष्टके तपासणारा परीक्षक आकड्यांपुढे दबून जाणारा असला, तर चूक ग्रंथालयात जाऊन बसेल.

आणखी एक गंमत सांगतो. ठ्ठ अखंड ठेवणारी, शब्दांमधल्या मोकळ्या जागा वगळणारी सुधारित आज्ञावली लिहिली आणि तिला शाळेपासून पाठ असलेले 'चिमा काय कामाची' दिले, तरी ती 'नाही' असेच म्हणते. आरंभीचा 'चि' ऱ्हस्व, शेवटचा 'ची' दीर्घ. कानाला हा फरक आजवर अडला नाही. ऱ्हस्वदीर्घ एकच समजावे अशी एक ओळ घातली की चिमाचे काम होते. पण मग त्या आज्ञावलीला 'दिन' आणि 'दीन' यांतही फरक उरत नाही. ती ओळ घालावी की नाही, यावर आम्हां मंडळींत दोन तट पडले आहेत आणि अजून समेट झालेला नाही.