जुना खटका
हैदराबादेत कोठीच्या गुजराती गल्लीत जुन्या हॅम रेडिओ सेटचा पॉवर स्विच मागितला, की दुकानदार आधी म्हणतो, “नमुना दिखाओ.” माझा तर व्हॉल्यूमच्या पोटेन्शिओमीटरच्या पाठीवरच बसलेला, तसा जोड आता कुठला मिळायला! सेट चालू करताना रिकामे फिल्टर कपॅसिटर एकदम प्रवाह ओढतात, आत ठिणगी उडते, वर्षानुवर्षांत कॉन्टॅक्ट काळे पडून खड्डे पडतात. क्लीनर फवारून फार तर चार दिवस निभतं. शेवटी २३० व्होल्ट कॉइलचा रिले बसवला: सेटचा भार त्याच्यावर, म्हाताऱ्या खटक्याकडे फक्त कॉइलचे काही मिलिअँपिअर. दर्शनी पट्टीला धक्का नाही, बोटाखालचा ‘टक्’ही तोच. प्लग काढल्यावरही कपॅसिटर भरलेला राहतो, हे मात्र माझ्या अंगठ्यानं चांगलंच शिकून घेतलं.