तुरुंगातल्या दिवसाचा दर

नुकसानभरपाई म्हणजे काय, हे विरारकराला समजावून सांगावं लागत नाही. लोकलमधून पडलेलं कुणी माहितीत नाही असा माणूस आपल्या पट्ट्यात विरळाच. रेल्वे दावे न्यायाधिकरण, तिथले वकील, ‘क्लेम लागला का?’ ही चौकशी, सगळं अंगवळणी पडलंय. मृत्यूला २०१७ पासून ८ लाख. हात, पाय, डोळा, अंगठा यांचे आकडे नियमांच्या तक्त्यात छापलेले. तो तक्ता वाचवत नाही, पण आकडा तरी आहे.

तुरुंगात नाहक गेलेल्या वर्षांसाठी असा तक्ता नाही.

ठाण्यातलंच प्रकरण घ्या. २०१३ मधल्या एका बालिकेच्या खुनासाठी तिथल्या सत्र न्यायालयाने २०१९ मध्ये एकाला फाशी सुनावली. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडलं. तोवर १२ वर्षं आत गेली होती, त्यातली ६ फाशीच्या छायेत. सप्टेंबरमध्ये तो पुन्हा त्याच न्यायालयात गेला, या वेळी भरपाई मागायला. सरकारला नोटीस निघाली. २०१३ मध्ये आपणही ठाणे जिल्ह्यातच होतो. जिल्हा वेगळा झाला, पण वसई कोर्टाने कोठडी दिलेला माणूस ठाणे जेलातच जातो आणि घरची माणसं घोडबंदरमार्गे एसटीने मुलाकातीला.

त्याने मागायचं तरी कोणत्या कायद्याने? नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३९९ आहे. विनाकारण अटक करवली तर जास्तीत जास्त १,००० रुपये, तेही अटक करवणाऱ्याच्या खिशातून. एवढ्यात विरार-चर्चगेट फर्स्ट क्लासचा महिन्याचा पासही येत नाही. विधी आयोगाने २०१८ मध्ये २७७ व्या अहवालात यासाठी वेगळा कायदा सुचवला. तो झालेला नाही.

म्हणून सगळं न्यायाधीशांच्या मनावर. १९८३ मध्ये सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांच्या पीठाने बिहारमधल्या एका माणसाला भरपाई देऊन ही वाट पाडली. निर्दोष ठरूनही त्याला १४ वर्षं कोंडून ठेवलं होतं. मिळाले एकूण ३५ हजार, म्हणजे दिवसाला ७ रुपये. २०१९ मध्ये नाशिकच्या खटल्यात फाशी झालेले सहाजण १६ वर्षांनी निर्दोष सुटले. भटक्या जमातीतले मजूर. प्रत्येकी ५ लाख, दिवसाला ८५ रुपये. आणि २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या एका कैद्याला साडेचार वर्षांहून जास्त काळासाठी २५ लाख, दिवसाला दीड हजाराच्या आसपास. न्यायालय तेच.

हा शेवटचा माणूस निर्दोष नव्हता. बलात्काराच्या खटल्यातली त्याची जन्मठेप उच्च न्यायालयाने ७ वर्षांवर आणली होती, तरी ती संपल्यावरही तो आतच राहिला. बलात्काऱ्याला २५ लाख? असं नाक्यावर कुणीही विचारेल. विचारू दे. मला तर हाच निकाल सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. निर्दोष माणसाबद्दल हळहळायला काही लागत नाही. खरा प्रश्न दोषी असून जास्त भोगलेल्याचा आहे. १९९४ च्या पुण्यातल्या राठी हत्याकांडात सात माणसं गेली. फाशी झालेल्यांपैकी एकजण तेव्हा जेमतेम १२ वर्षांचा होता, हे २०२३ मध्ये मान्य झालं. त्या वयाला कायद्याने जास्तीत जास्त ३ वर्षं. तो २८ वर्षांहून जास्त आत होता. गुन्हा सिद्धच राहिला, म्हणून वरच्या २५ वर्षांचा हिशेब कुणी विचारायचाच नाही?

ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या राज्यांच्या गृह सचिवांना कळवलं, की शिक्षा संपूनही कुणी आत आहे का ते तपासा, आणि असेल तर सोडा. काम कठीण नाही. प्रत्येक पक्क्या कैद्याच्या सुटकेची तारीख जेलच्या दप्तरात असते, वरच्या कोर्टाचे निकाल तिच्याशी ताडून पाहायचे. ठाण्यात, तळोजात, येरवड्यात असे किती सापडले, हे सरकारने जाहीर करावं. आणि त्यांना नुसतं फाटक उघडून दिलं की त्या दिवसांचे पैसेही दिले, तेही.